लेन्सवर ५० लिहिलंय, मोजल्यावर ५१.७ का भरतं?

मंगेशीच्या दीपस्तंभासमोर तिपाईवर कॅमेरा लावा. आधी एका कंपनीची ५० मिमीची लेन्स चढवून फोटो घ्या, मग तिपाई तसूभरही न हलवता दुसऱ्या कंपनीची ५० मिमीची. एका फोटोत दीपस्तंभाचा वरचा मजला फ्रेमच्या कडेला टेकलेला दिसेल, दुसऱ्यात त्याच्यावर थोडं आकाश उरलेलं असेल. दोन्ही लेन्सेस धडधाकट आहेत, दोन्हीवर आकडा ५० हाच आहे, आणि तरीही दोघींची फोकल लेंथ एकसारखी नाही. बहुतेक वेळा यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. लेबलवरचा आकडा कोणत्या परिस्थितीत खरा धरायचा, हे लेबलवर लिहायला जागा नसते, एवढंच.

शाळेत उन्हात भिंग धरून कागद जाळायचा खेळ सगळ्यांनी केलेला असतो. भिंगापासून तो झगझगीत ठिपका जितका लांब, तितकं त्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंथ. एकच पातळ भिंग असेल तर पट्टी लावून हे मोजता येतं. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मात्र साधारण सहापासून वीसपर्यंत काचा असतात. मग अंतर कुठून मोजायचं? पुढच्या काचेपासून की मागच्या?

दोन्हीकडून नाही. अंतर मोजायचं ते एका काल्पनिक पातळीपासून, जिला प्रकाशशास्त्रात मागचं मुख्य प्रतल म्हणतात. लांबून आलेले किरण लेन्समधून कितीही वेळा वळले तरी शेवटी एका बिंदूत मिळतात. त्या बाहेर पडणाऱ्या किरणांच्या रेषा मागे आणि आत शिरणाऱ्या किरणांच्या रेषा पुढे वाढवत नेल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात, ती ही पातळी. ती लेन्सच्या आत असलीच पाहिजे असं मुळीच नाही. निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ लेन्स माउंटपासून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या कड्यापासून, फक्त १४७.५ मिमी लांब आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंत आणखी ४६.५ मिमी. म्हणजे लेन्सच्या पुढच्या टोकापासून सेन्सर १९४ मिमीवर, आणि फोकल लेंथ ३००! मागचं मुख्य प्रतल इथे लेन्सच्या पुढे, मोकळ्या हवेत, साधारण १०६ मिमीवर आहे. आरशाच्या कॅमेऱ्यावरच्या (एसएलआर) २४ मिमी लेन्सचं नेमकं उलटं असतं. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून शेवटची काच सेन्सरपासून २४ मिमीच्या बरीच पुढे ठेवावी लागते, आणि मुख्य प्रतल त्या काचेच्या मागे, आरशाच्या पोकळीत जाऊन पडतं.

म्हणून टेप लावून फोकल लेंथ तपासता येत नाही. शिवाय लेबलवरच्या आकड्यालाच दोन अटी चिकटलेल्या आहेत: फोकस अनंतावर हवा, आणि लेन्सच्या दोन्ही बाजूंना हवा हवी. यातली एक अट मोडली तरी लेबल लागू राहीलच असं नाही. पण या अटी पाळूनही ५० चे ५१.७ भरतात, त्याची कारणं आधी बघू.

आकडा गोल का होतो

२४, २८, ३५, ५०, ८५, १३५, २०० ही एक रुळलेली मालिका आहे. दुकानात येणारा गिऱ्हाईक "पन्नासची प्राइम (एकाच फोकल लेंथची लेन्स) दाखवा" म्हणतो, "एक्कावन्न पूर्णांक सातची" म्हणत नाही. डिझाइन करणारा मात्र एका आकड्यापाशी अडून बसत नाही. कडेला तीक्ष्णता हवी, रंगाची झालर नको, एफ/१.४ इतकं मोठं छिद्र हवं, किंमत आवाक्यात हवी, ही सगळी ओढाताण सांभाळताना फोकल लेंथ दोन मिमी वाढवल्याने चित्र सुधारत असेल तर तो ती वाढवतो, आणि योग्यच करतो. लेबलवर मालिकेतला जवळचा आकडा येतो.

फिल्मच्या काळातल्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर हे उघड दिसायचं. आरशासाठी मागे जागा सोडून ५० मिमीची वेगवान, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी, लेन्स बनवणं तेव्हा अवघड होतं, म्हणून कित्येक कंपन्यांनी ५५ आणि ५८ मिमी काढल्या आणि लेबलवरही तेच लिहिलं. आजही जुन्या बाजारात फिरणारी ५८ मिमीची हेलिओस-४४ किंवा ५५ मिमीची ताकुमार ही त्याच गरजेची अपत्यं आहेत.

दुसरं कारण कारखान्यातलं. काचेच्या प्रत्येक खेपेचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची ताकद) किंचित वेगळा येतो, घासलेल्या पृष्ठभागाची वक्रता काटेकोरपणाच्या मर्यादेत इकडेतिकडे होते, दोन काचांमधली फट मायक्रॉनांनी बदलते. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन लेन्सेसमध्येही दशांश मिमीचा फरक पडू शकतो. लायकाने ही गोष्ट लपवली नाही. त्यांच्या ५० मिमी लेन्सची ठरलेली फोकल लेंथ ५१.६ मिमी आहे, आणि रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या कित्येक जुन्या ५० मिमी लेन्सेसवर अनंताच्या खुणेपाशी दोन अंकी बारीक आकडा कोरलेला सापडतो. तिथे १९ असेल तर ती लेन्स ५१.९ मिमीची. हे हौसेपोटी केलेलं नव्हतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्स किती पुढे सरकली यावरून अंतर ठरतं, आणि ते सरकणं खऱ्या फोकल लेंथशी जुळवल्याशिवाय फोकस बसत नाही. इतर कंपन्यांनीही हा आकडा कोरला असता तर वापरणाऱ्याचे फार उपकार झाले असते.

झूम लेन्समध्ये गोल करण्याची दिशा बहुधा विक्रीच्या सोयीची असते. रुंद टोकाचा आकडा खाली ओढायचा, लांब टोकाचा वर. २४-७० लिहिलेली लेन्स प्रत्यक्षात साडेचोवीस ते अडुसष्ट असणं यात नवल नाही. लांब टोकाला हे कोणाला जाणवतही नाही: फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) २०० मिमीचा आडवा कोन १०.३ अंश, १९५ मिमीचा १०.५५. रुंद टोकाला मात्र एकेक मिमी महाग असतो. १६ मिमीला ९६.७ अंश मिळतात, १६.८ मिमीला ९३.९. फोंड्याच्या एखाद्या जुन्या घराच्या चौकात भिंतीला पाठ टेकून उभं राहिल्यावर हे पावणेतीन अंश कोपऱ्यातला खांब फ्रेममध्ये घेतात किंवा बाहेर टाकतात.

फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलबरोबर साठवलेल्या माहितीत) दिसणारा आकडा यावर पुरावा म्हणून कोणी दाखवू नये. तो मोजलेला नसतो. प्राइम लेन्सची चिप तिच्यात भरलेला आकडा सांगते, आणि झूमचं कडं कोणत्या पायरीवर आहे तेवढंच झूम लेन्सला कळतं. म्हणून ५२ नंतर एकदम ५५ अशा उड्या दिसतात.

जवळ फोकस केल्यावर खरी गंमत सुरू होते

दोन-तीन टक्क्यांची गोलाई ही किरकोळ बाब. लेबल आणि वस्तुस्थिती यांत मोठी दरी पडते ती जवळच्या फोकसला, आणि तक्रारी येतात त्याही बहुतेक याच जागेवरून.

जुन्या पद्धतीच्या लेन्समध्ये फोकस करताना सगळ्या काचा मिळून एकत्र पुढे सरकतात. काचांमधली अंतरं बदलत नाहीत, म्हणून फोकल लेंथही बदलत नाही. लेन्स सेन्सरपासून लांब गेल्याने दृश्याचा कोन मात्र थोडा अरुंद होतो. आधुनिक झूम आणि मॅक्रो लेन्सेसमध्ये आतली एखादीच काचांची जोडी पुढेमागे होते. फोकस झटकन लागतो, लेन्स बाहेर लांबत नाही, पाऊस-धूळ आत ओढली जात नाही. गोव्याच्या पावसाळ्यात हा फायदा फार मोठा आहे. पण आतली अंतरं बदलली की फोकल लेंथ बदलते, आणि जवळ येताना ती सहसा घटते.

किती घटते, हे घरबसल्या काढता येतं. लेन्सच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: सर्वात जवळचं फोकस अंतर, जे सेन्सरपासून मोजलेलं असतं, आणि सर्वात मोठं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरचं चित्र मूळ वस्तूच्या किती पट. मग

फोकल लेंथ = अंतर ÷ (२ + मॅग्निफिकेशन + १ ÷ मॅग्निफिकेशन)

कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्या. अंतर ३५० मिमी, मॅग्निफिकेशन ०.२१. कंसात २ + ०.२१ + ४.७६, म्हणजे ६.९७. भागाकार ५०.२. सगळ्या काचा एकत्र सरकणारी लेन्स, म्हणून आकडा जागेवर राहिला. आता निकॉनची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर २, जी २००९ मध्ये आली. २०० वर ठेवून १.४ मीटरला मॅग्निफिकेशन ०.१२. उत्तर येतं १३४. लेबल म्हणतं २००, सर्वात जवळ लेन्स वागते १३४ सारखी. याबद्दल छायाचित्रकारांनी बरीच ओरड केली. २०१६ च्या एफएल आवृत्तीत १.१ मीटरला ०.२१ मिळतं, म्हणजे सुमारे १५८. त्याच कंपनीच्या १८-२०० व्हीआरला अर्ध्या मीटरवर ०.२२ मिळतं, म्हणजे फक्त ७४.

हे सूत्र एका पातळ भिंगासाठीचं आहे. खऱ्या लेन्सला दोन मुख्य प्रतलं असतात आणि त्यांच्यातलं अंतर सूत्रात धरलेलं नाही, म्हणून उत्तराला दशांशापर्यंत चिकटून राहू नका. २०० चे १३४ झाले की १९० राहिले, हे ओळखायला ते पुरेसं आहे.

मॅक्रोवाल्यांसाठी याचा थेट हिशोब आहे. एकास एक मॅग्निफिकेशनला कंसातली बेरीज ४ होते, म्हणून खरी फोकल लेंथ म्हणजे जवळच्या अंतराचा चौथा भाग. कॅननच्या १०० मिमी एल मॅक्रोचं हे अंतर ३०० मिमी, म्हणजे एकास एकला ती ७५ मिमीची लेन्स असते. त्या ३०० मधून लेन्सची लांबी १२३ आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचे ४४ वजा केले की किड्यासाठी उरतात १३३ मिमी. बोंडल्याच्या रानात फुलपाखरू दीड वितीपेक्षा जवळ येऊ देत नसेल, तर लेबलवरचा १०० हा आकडा पाहून लेन्स घेण्याआधी ही वजाबाकी करावी.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. फोकल लेंथ घटली म्हणून चेहऱ्याचं नाक मोठं दिसत नाही. चेहऱ्याची ठेवण कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर ठरते, फोकल लेंथवर नाही. १३४ झालेली २०० लेन्स चेहरा फ्रेममध्ये लहान दाखवते, वेगळा दाखवत नाही. तो मोठा हवा असेल तर लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) घालणं किंवा नंतर कातरणं हे उपाय आहेत.

व्हिडिओत याच गोष्टीला ब्रीदिंग म्हणतात. दिवजोत्सवात हातातल्या दिवजाच्या (दिव्याच्या) ज्योतीवरून मागच्या बाईच्या चेहऱ्यावर फोकस नेताना सगळी फ्रेम श्वास घेतल्यासारखी फुगते किंवा आक्रसते. सोनीने २०२१ च्या ए७ फोरपासून काही लेन्सेससाठी याची भरपाई दिली आहे. कॅमेरा फ्रेम थोडी कातरून कोन कायम राखतो. कातरल्यामुळे रुंदी जाते, ते आधीच धरून चालावं.

स्वतः मोजायचं कसं

सर्वात चांगली पद्धत आकाशातली. तारे खऱ्या अर्थाने अनंतावर असतात आणि त्यांच्यामधले कोन अचूक माहीत आहेत. मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे घ्या. टोकाच्या दोन ताऱ्यांमधला कोन २.७४ अंश. जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊ-दहाच्या सुमारास गोव्यातून मृग दक्षिणेला खूप उंच दिसतं, क्षितिजाजवळच्या हवेची अडचण राहत नाही. तारे तेजस्वी असल्याने पणजीच्या गच्चीवरूनही काम होतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हा विचार सोडून द्यावा.

कॅमेरा तिपाईवर, पडद्यावर तारा मोठा करून फोकस हाताने, एफ/२.८ किंवा एफ/४, आयएसओ १६००, एक सेकंद. बाण फ्रेमच्या बरोबर मध्ये ठेवा, कारण कडेला लेन्सची विकृती आकडा बिघडवते. तारे एक-दोन पिक्सेल सरकले तरी दोन्ही सारखेच सरकतात, मधलं अंतर बदलत नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या आणि विकृतीची दुरुस्ती बंद ठेवा. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या कित्येक लेन्सेसमध्ये ही दुरुस्ती फाइलबरोबरच येते आणि सॉफ्टवेअर न विचारता ती लावून टाकतं. तसं झालं तर तुम्ही लेन्स नाही, सॉफ्टवेअर मोजाल.

मग हिशोब. समजा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे, रुंदी २३.५ मिमी आणि ६००० पिक्सेल. एक पिक्सेल ०.००३९२ मिमी. फोटोत दोन टोकाच्या ताऱ्यांमधलं तिरपं अंतर ६३० पिक्सेल भरलं. आडवा आणि उभा फरक घेऊन पायथागोरसने ते काढायचं. ६३० गुणिले ०.००३९२ म्हणजे २.४७ मिमी. याला ०.०४७८ ने भागा. उत्तर ५१.७ मिमी. हा ०.०४७८ म्हणजे २.७४ अंशांच्या निम्म्याच्या टॅन्जंटची दुप्पट, बाण मध्ये असेल तर तो प्रत्येक लेन्सला तोच.

एक पिक्सेल चुकला तर उत्तरात ०.०८ मिमीचा फरक पडतो. त्याहून मोठी चूक सेन्सरच्या रुंदीतून येते. तोही आकडा माहितीपत्रकात गोल केलेलाच असतो. २३.५ ऐवजी २३.६ असेल तर उत्तर ०.२ मिमीने सरकतं. लेन्सचा खरेपणा तपासताना कॅमेऱ्याचं लेबलही तपासावं लागतं.

रुंद लेन्सला बाण फार छोटा पडतो. तेव्हा मृगाचेच काक्षी (बेटेलज्यूस) आणि राजन्य (रायजेल) हे तारे घ्यावेत, कोन १८.६ अंश, आणि भागायचं ०.३२७५ ने.

पावसाळ्यात किंवा घाई असेल तर भिंतीवरची पद्धत. भिंतीवर बरोबर एक मीटरची पट्टी चिकटवा. फोकस अनंतावर नेऊन कुलूप लावा आणि शेवटपर्यंत हात लावू नका, एफ/१६ ठेवा. पहिला फोटो साधारण सहा मीटरवरून. मग तिपाई सरळ रेषेत बरोबर सहा मीटर मागे न्या आणि दुसरा फोटो. पहिलं अंतर चुकलं तरी चालतं. मागे सरकलेलं अंतर मात्र अचूक हवं, आणि कॅमेरा भिंतीला काटकोनात हवा. समजा पट्टी पहिल्यांदा २२०० पिक्सेल आणि नंतर ११०० पिक्सेल भरली. वरच्याच सेन्सरवर पहिली ८.६२ मिमी, दुसरी ४.३१. पट्टीची लांबी १००० मिमी या दोन्हींनी भागली की ११६ आणि २३२. फरक ११६. मागे सरकलेले ६००० मिमी त्याने भागले की पुन्हा ५१.७. पट्टीच्या कडा जरा अस्पष्ट दिसतील, अस्पष्ट पट्ट्याच्या मधोमध खूण धरायची. ही पद्धत सुंदर आहे, कारण लेन्सच्या आत नेमकं कुठून मोजायचं हा प्रश्न वजाबाकीत गळून पडतो.

जे बदलत नाही, आणि जे पाण्यात बदलतं

क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ ची होते, हे म्हणणं चूक आहे. लेन्स ५० चीच राहते, सेन्सर चित्राचा मधला तुकडा घेतो. फोनवाले उलट करतात: आयफोन १४ प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंथ ६.८६ मिमी आहे, जाहिरातीतले २४ मिमी म्हणजे फुल फ्रेमवर तेवढाच कोन देणारी लेन्स. दमट हवेने लेन्सवर बुरशी आली तर चित्र धुरकट होईल, पण फोकल लेंथ जागच्या जागी राहील.

पाण्यात मात्र दुसरी अट मोडते. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटापाशी डुबकी मारताना सपाट काचेच्या हाउसिंगमधून (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीतून) काढलेल्या फोटोत पाण्याच्या १.३३ अपवर्तनांकामुळे कोन अरुंद होतो, आणि २४ मिमीची लेन्स जवळजवळ ३२ सारखी वागते. म्हणून पाण्याखालच्या रुंद लेन्सला घुमटाच्या आकाराची काच लावतात. किरण तिच्यात जवळजवळ काटकोनात शिरतात आणि कोन परत मिळतो.

लग्नाच्या, शिगम्याच्या, समुद्रकिनाऱ्याच्या फोटोसाठी ५० की ५१.७ याने काहीही बिघडत नाही. पॅनोरमा जोडणारी सॉफ्टवेअर फोकल लेंथ स्वतःच शोधून काढतात. फोटोवरून माप काढायचं असेल तेव्हा मात्र फरक बोचतो. जुन्या गोव्यातल्या एखाद्या चर्चची २० मीटर उंचीची दर्शनी भिंत फोटोवरून मोजताना फोकल लेंथ चार टक्के चुकली, तर उत्तर ८० सेंटिमीटरने चुकेल. नकाशे करणारे ड्रोनवाले म्हणूनच लेबल न मानता कॅलिब्रेशन करतात, म्हणजे खरी फोकल लेंथ मोजून घेतात, आणि वास्तूंची नोंद करणाऱ्यांनीही तेच करावं. सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणाऱ्या कॅमेऱ्यावर चिप नसलेली जुनी लेन्स लावून त्याला फोकल लेंथ सांगायची वेळ आली तर यादीतला सर्वात जवळचा आकडा द्यावा. चार टक्के चुकलं तर हाताच्या थरथरीतली चार टक्के शिल्लक राहील, बाकीची सेन्सर सावरून घेईल.

मोजून झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला छोटी चिकटपट्टी लावून आकडा लिहा, आणि त्याच्यापुढे कोणता कॅमेरा आणि पिक्सेलचं कोणतं माप धरलं तेही. सेन्सर बदलला की चित्राचा कोन बदलेल, हा आकडा बदलणार नाही.